ती असं करणारच नाही

‘आई कुठे काय करते’ रंगात होती त्या वर्षांत लोकलच्या बायकांच्या डब्यात ‘ती’ म्हणजे कोण, हे विचारावं लागत नसे. ती म्हणजे अरुंधती देशमुख. स्टार प्रवाहवर २०१९च्या डिसेंबरात ही मालिका सुरू झाली आणि २०२४च्या नोव्हेंबरात संपली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जिला नवऱ्याचं, अनिरुद्धचं, दुसरं प्रकरण कळतं, त्या बाईने पुढे काय करावं, यावर मधली पाच वर्षं महाराष्ट्राच्या घराघरांत खल चालला होता. तिने घर सोडावं की नाही? सोडलं तर मुलांचं काय? घटस्फोटानंतर सासूच्या आजारपणात धावत यावं का? आणि पुढे आयुष्यात आलेल्या आशुतोषशी लग्नाचा विषय निघाला तेव्हा तर डब्यात सरळ दोन पक्ष पडले.

त्यातली एक सकाळ मला चांगली आठवते. खिडकीपाशी एक बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होत्या. पानं एका बाजूला, देठं दुसऱ्या. बोटं थांबत नव्हती, बोलणंही.

"पंचवीस वर्षं संसार केला, मुलगा लग्नाचा झाला, आणि आता हिच्या डोक्यावर पुन्हा अक्षता?"

"का नाही? अनिरुद्धने नाही का दुसरं लग्न केलं?" समोर बसलेल्या, बँकेत काम करणाऱ्या ताई म्हणाल्या.

"त्याने केलं म्हणून हिनेही करायचं? मग दोघांत फरक काय राहिला?"

"फरक हाच, की त्याने लपवून केलं आणि ती चारचौघांना सांगून करतेय."

मेथी क्षणभर थांबली. उत्तर बिनतोड होतं आणि ते सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली, चार घरी पोळ्या करणारी एक बाई म्हणाली, "लग्न करू दे नाहीतर राहू दे, ताई. पण त्या पहिल्या घरचं सगळं अजून हिलाच का निस्तरावं लागतं, ते आधी सांगा." यावर दोन्ही पक्ष एक झाले. मालिकेने तिला घटस्फोट दिला होता, पण देशमुखांच्या स्वयंपाकघरातून सोडवलं नव्हतं. आणि ही गोष्ट, माझ्या मते, त्या मालिकेबद्दल छापून आलेल्या बऱ्याच लेखांपेक्षा त्या बाईने नेमकी पकडली होती.

मालिकांवर वाद घालणाऱ्या बायकांना रिकामटेकड्या म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ज्यांना दिवसभरात पाठ टेकायला मिळत नाही, त्यांना हे म्हटलं जातं याचा मला मनापासून राग येतो. क्रिकेटच्या सामन्यात कर्णधाराने कुणाला गोलंदाजी द्यायला हवी होती यावर पुरुष कट्ट्यावर तासन् तास बोलतात, तो ‘व्यासंग’ ठरतो. अरुंधतीने सासरी परत जावं का, हा प्रश्न त्याहून हलका नाही. उलट त्यात नीती आहे, नातं आहे, पैसा आहे, घराची मालकी आहे. शिवाय गोष्ट सांगण्याच्या कलेचा प्रश्न आहे. अमुक बाई अमुक प्रसंगी अशी वागेल का? "ती असं करणारच नाही," हे वाक्य या वादांत पुन्हा पुन्हा येतं, आणि त्यात जी खात्री असते ती विचार करण्याजोगी आहे. लिहिलेलं, दिग्दर्शित केलेलं, वाहिनीने पास केलेलं, कॅमेऱ्यासमोर घडलेलं आणि काल रात्री लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं एक कृत्य. आणि त्याबद्दल एक बाई ठामपणे सांगते की ते खोटं आहे. मालिकेने दाखवलं म्हणून ते तिने केलं असं होत नाही.

मला हळूहळू पटलं आहे की ती बाई बरोबर असते. पात्र वाहिनीच्या मालकीचं असतं, कागदोपत्री. पण ते सांभाळलेलं असतं बघणाऱ्यांनी.

रोजची मालिका कशी बनते ते पाहिलं म्हणजे याचं कारण कळतं. आठवड्याला पाच-सहा भाग लागतात. हाताशी आधीच तयार ठेवलेल्या थोड्याच भागांची बँक असते, कधी तीही नसते. सकाळी सेटवर आलेलं पान दुपारी चित्रित होतं. दर गुरुवारी टीआरपी येतो. एखादा ट्रॅक चालला तर ताणायचा, आकडा पडला तर वळवायचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि त्यांतलं कुणी मधेच बदललं तर नव्याने येणाऱ्याला आधीचे सातशे भाग बघायला सवड कुठून? यात लिहिणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्या वेगाने ते लिहितात त्या वेगात कुणाचंही विसरणं होईल. कलाकारही बदलतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनीलची, मग ईशा केसकरची, आणि पुन्हा रसिका सुनीलची झाली. ‘आई कुठे काय करते’मधली संजना दीपाली पानसरेकडून रूपाली भोसलेकडे गेली. चेहरा बदलला, आवाज बदलला, साडी नेसायची ढब बदलली, आणि तरी आठ-पंधरा दिवसांत प्रेक्षकांच्या बोलण्यात ती संजनाच राहिली. कारण संजनाने मागच्या वर्षी काय केलं होतं, कुणाला काय शब्द दिला होता, तो कसा मोडला, हे सगळं बघणाऱ्यांकडे शाबूत होतं. सेटवर चेहरा असतो. स्मरण घरोघरी असतं.

या स्मरणाचा हिशेब किती चोख असतो ते ‘होणार सून मी ह्या घरची’ने दाखवून दिलं. झी मराठीवर २०१३ ते २०१६ चाललेली ती मालिका लोकांनी जिवापाड प्रेमाने पाहिली. गोखले गृहउद्योगाचा श्री, त्याच्या घरातल्या त्या सगळ्या आया, आणि तेजश्री प्रधानची जान्हवी. पुढे जान्हवीची स्मृती गेली, ती परत आली, मग दिवस गेले, आणि ते काही केल्या भरेनात. त्याच्यावर तेव्हा महाराष्ट्रभर विनोद झाले. मला मात्र त्यातलं गांभीर्य आठवतं. आमच्या शेजारच्या काकू कालनिर्णय समोर घेऊन बसायच्या. मराठी मालिकांची एक गंमत आहे: त्यांत सण खऱ्या तिथीला येतात. आपल्याकडे गणपती बसले की मालिकेतही बसतात, दिवाळीला तिथेही कंदील लागतो. त्यामुळे गोष्टीतला काळ आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला बांधलेला. काकू बोटावर मोजत म्हणायच्या, "बातमी कळली ती अमक्या सणाच्या आसपास. मग इतके सण होऊन गेले. आता सांगा, कुठल्या डॉक्टरकडे जाते ही?" पोटात मूल वाढवलेल्या बाईला नऊ महिने कसे जातात हे कुणी शिकवायला नको. तिच्यासमोर काळ ताणणं म्हणजे तिच्या अनुभवालाच खोटं पाडणं. काकूंना मालिका लांबल्याचा कंटाळा आला नव्हता. जान्हवीचा अपमान होतोय असं त्यांना वाटत होतं.

गोष्टीतल्या माणसांची अशी काळजी वाहायची आपली सवय जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये तुकड्यातुकड्याने येत होती. यमूची कहाणी यमूच्याच तोंडून. पुढच्या अंकात तिच्या वाट्याला काय वाढून ठेवलंय या काळजीत त्या वेळच्या वाचकांनी, आणि त्यांच्याकडून वाचून घेणाऱ्या बायकांनी, किती आठवडे काढले असतील! आणि १९१९च्या ‘एकच प्याला’तली सिंधू? दारूपायी सगळं धुळीला मिळवलेल्या सुधाकराला न सोडणारी, मरतानाही त्याच्यावर आळ येऊ न देणारी सिंधू थोर की सिंधू चुकली, हा वाद शंभर वर्षं चालू आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका सुभेदार आणि अरुंधती देशमुख यांच्याबद्दलचे वाद त्याच वादाचे पुढचे अंक आहेत, असं मला वाटतं. सिंधूने काय करायला हवं होतं, ते या दोघींकडून करून घेण्याची प्रेक्षकांची धडपड चालली होती. अनिता दातेची राधिका वऱ्हाडी बोलते, मसाल्यांचा धंदा उभा करते, आणि शेवटी नवऱ्याला, गुरुनाथला, सोडून सौमित्रशी लग्न करते, तेव्हा आमच्या नागपूरच्या एका नातलग आजी फोनवर म्हणाल्या होत्या, "झालं एकदाचं. आमच्या वेळी कोणी केलं असतं तं!" त्या ‘आमच्या वेळी’मध्ये कोण कोण होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मात्र प्रेक्षक नेहमी न्यायाच्या बाजूने उभा राहतो असं म्हणणं खरं होणार नाही. दूरदर्शनवर १९८४च्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. शेवटी अशोक कुमार येऊन त्या दिवसाच्या भागावर दोन शब्द बोलायचे, आणि प्रेक्षकांची पत्रं पोत्यांनी यायची. त्यात भागवंती नावाची आई होती: दारुड्या नवऱ्याचं, सासूचं, सगळ्यांचं मुकाट सोसणारी. बाईने असं सोसत राहिलं तर काय होतं हे लोकांना दिसावं, म्हणून ती रचलेली होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा मागोवा घेतला तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांना भागवंती आदर्श वाटली होती. अशीच आई असावी, अशीच बायको असावी! लिहिणाऱ्याने इशारा दिला आणि बघणाऱ्यांनी तो नमुना म्हणून उचलला.

डब्यातल्या वादांतही हे जाणवतं. अनिरुद्धला "पुरुष असतात असे" म्हणून एका वाक्यात मोकळं केलं जातं आणि अरुंधतीचा मात्र एकेक शब्द पारखला जातो. ती मोठ्याने बोलली तर का बोलली, गप्प बसली तर का बसली. तिला कडक माप लावणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे बघून मला वाईट वाटत आलं आहे. पण वाद झाला म्हणून ते माप निदान उघड्यावर येतं. मनातल्या मनात लावलेल्या मापाला कुणी उलटून विचारत नाही. इथे मेथीवालीला बँकेतल्या ताई विचारतात.

एकदा एका ओळखीच्या घरी संध्याकाळी बसले होते. सासूबाई पलंगावर, सूनबाई खाली भाजी चिरत, समोर मालिका. पडद्यावर कांचन, म्हणजे अरुंधतीची सासू, मुलाची बाजू घेऊन तिला बोलत होती. जाहिरात लागली. सासूबाई टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "कांचन चुकली. मुलगा आपला असला म्हणून काय झालं? इतकी वर्षं घरात राबलेल्या बाईला असं बोलतात का?" सुनेने चिरणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "चुकली. पण नंतर तिला कळलंही ना." बस. जाहिराती संपल्या. त्या घरात पूर्वी काय झालं होतं ते मला थोडंफार माहीत होतं, म्हणून ती दोन वाक्यं मी जपून ठेवली. समोरासमोर माफी मागणं त्या दोघींना जन्मात जमलं नसतं.

ट्विस्टचं मात्र वेगळं आहे. कथानकाला दिलेला धक्का बघणाऱ्यांना आवडतो की नाही हे धक्क्याच्या आकारावर ठरत नाही, हे मला ‘रात्रीस खेळ चाले’ने शिकवलं. पहिला भाग २०१६चा. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या त्या घरात गोष्ट सुरूच होते ती अण्णा नाईकांच्या मरणाने. मग २०१९मध्ये दुसरा भाग आला तो मागे जाऊन: अण्णा जिवंत, त्यांची बायको माई तरणी, आणि अण्णांच्या आयुष्यात आलेली शेवंता. म्हणजे बघणाऱ्याला शेवट पक्का ठाऊक. अण्णा मरणार, शेवंता मरणार, घराची वाट लागणार. ट्विस्टला जागाच कुठे उरली? आणि तरी माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पहिल्या भागातल्या खुनांच्या रहस्यावरही झाली नसेल.

माझी एक आत्या कुडाळकडे असते. ही मालिका ती दिवा लावून, जेवणं उरकून, शिस्तीत बघायची. कोकणाची बदनामी होते अशी ओरड सुरुवातीला झाली, तेव्हा ती मालिकेच्या बाजूने भांडली होती. आपल्या बोलीतली माणसं टीव्हीवर येतात, पांडूचं ‘इसारलंय’ सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसतं, याचा तिला केवढा अभिमान. गणपतीला सगळे जमलो की अण्णावर वाद ठरलेला. तरुण पोरांना अण्णाचा रुबाब आवडे. आत्याचं म्हणणं सरळ होतं: "शेवंता वायट नाय, अण्णा वायट. पण शिव्या कोणाक? शेवंताक." मग माईचा विषय निघे. माईने इतकं का सोसलं? कुणी म्हणे, जाणार कुठे? कुणी म्हणे, मुलांसाठी. आत्या म्हणाली, "बोलली आसती तर घरात ऱ्हवली नसती, आणि घर सोडलान आसता तर कोणी इचारूक नसता." पुढे काय होणार हे आत्याला माहीत होतं, आम्हाला सगळ्यांना होतं. आम्ही बघत होतो ते हे, की माणसं तिथवर कशी पोहोचतात. दर वळणावर वाटायचं, इथे अण्णाला परत फिरता आलं असतं. तो फिरला नाही, आणि तो फिरणार नाही हे त्याच्या वागण्यात आधीपासून होतं. तिसऱ्या भागात शेवंता मधेच अपूर्वाकडून कृतिका तुळसकरकडे गेली, अण्णा आणि शेवंता भुतं होऊन आले, आणि आत्याचा रस ओसरला. भुताला ती घाबरत नव्हती. "मेल्यार माणूस बदलणा नाय," म्हणाली. माझ्यासाठी तो विषय तिथे मिटला.

याच्या उलट, जिवंत माणसाला मारून मग परत आणणं. हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहिरला मारलं, लोक हवालदिल झाले, आणि मिहिर परत आला. आपल्याकडे ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये राणादा गेला असं दाखवलं आणि त्याच चेहऱ्याचा राजा राजगोंडा उभा केला. कोल्हापूरच्या माझ्या मैत्रिणीकडे तेव्हा दोन तट होते: हा राणाच आहे, आणि हा दुसराच कुणीतरी आहे. तिच्या सासऱ्यांनी वाद मिटवायला वापरलेली कसोटी मला फार आवडली. चेहरा सोडा, म्हणाले, हा तालमीत पाय कसा ठेवतो ते बघा, मातीला हात लावून कपाळाला नेतो का बघा. राणा मातीला विसरणार नाही. पात्र ओळखायची याहून चांगली रीत मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात आढळलेली नाही.

आणि आशुतोष. २०२४मध्ये त्याला अपघातात मारलं तेव्हा लोक इतके चिडले, ते ओंकार गोवर्धनचा तो मायाळू माणूस गेला म्हणून तर होतंच. पण रागाचं मूळ खोल होतं. एका मध्यमवयीन बाईचं दुसरं लग्न लोकांनी वाद घालून घालून, एकमेकींची समजूत काढून, स्वतःच्या मनाशी भांडून मान्य केलं होतं. मेथीवाल्या बाईंनीही शेवटी केलं होतं. ते मान्य करणं त्यांना सोपं गेलं नव्हतं. आणि मग एका भागात गाडी आदळली आणि सगळं पुसलं गेलं. त्या अपघाताला अरुंधतीच्या स्वभावात कारण नव्हतं, आशुतोषच्या नव्हतं, अनिरुद्धच्याही नव्हतं. गोष्ट अडली, म्हणून माणूस काढला. आयुष्यात अपघात होतात, हे मला कुणी सांगू नये. होतात. पण आयुष्यातल्या अपघातामागे कुणी बसून ‘आता पुढे काय’ असा विचार केलेला नसतो, गोष्टीतल्या अपघातामागे असतो, आणि बघणाऱ्याला तो विचार करणारा माणूस दिसतो.

माझं मत आजही तेच आहे: आशुतोषला जगवायला हवं होतं. त्याच्याबरोबर अरुंधतीचे खटके उडायला हवे होते. दुसऱ्या लग्नातही भांडणं होतात, चांगल्या माणसाशीही होतात, आणि ती लग्न न मोडता मिटवता येतात, हे मराठी मालिकेत बघायची माझी फार इच्छा होती. माझ्या पुण्याच्या मामेबहिणीला हे मुळीच मान्य नाही. ती म्हणते, "तुला तिचं सुख बघायचंय, ताई. मला ती एकटी उभी राहिलेली बघायची होती."

"त्यासाठी माणूस मारावा लागतो?"

"मारला ते चुकलंच. पण त्यानंतरही तिने अनिरुद्धशी पुन्हा संसार मांडला नाही, हे त्यांनी बरोबर केलं. एवढं तरी कबूल कर."

एवढं मी कबूल केलं. बाकीचं दिवाळीत ती आल्यावर.